शंभरातले पंधरा

३ मार्च

आजपासून ही वही. बोलणारी मी, लिहिणारी सूनबाई. मला अक्षर येत नाही, पण बोलणं कुणी शिकवावं लागलं नाही.

ह्यांनी चाळीस वर्षांपूर्वी हा धुलाईखाना काढला, तेव्हा कुणीच काही लिहून ठेवलं नाही. आता ते गेल्यावर जो तो ती गोष्ट आपल्या सोयीने सांगतो. पहिलं यंत्र कधी नवं असतं, कधी भंगारातलं, आणि मी तर त्यात कुठेच नसते. या वेळी तसं नको. चिरंजीव दुसरा धुलाईखाना काढायला निघालेत. होईल तसं लिहून ठेवायचं. दुपारी पहिली खेप वाळवणीच्या यंत्रात गेली की आम्हा दोघींना अर्धा तास मिळतो. त्यात चहा आणि ही वही.

सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही फार भराभर बोलता."

मी म्हटलं, "मग तू भराभर लिही."

हेही लिहिलं तिने.

एक गोष्ट आधीच नोंदवते. खाली धुलाईखाना, वर घर, आणि ही सगळी इमारत माझ्या नावावर. कर्जाला तीच तारण. म्हणून अठ्ठावीस तारखेला बँकेत माझा अंगठा लागणार आहे. एरवी चिरंजीव मला भाजी कोणती करायची तेही विचारत नाहीत. सध्या दोन वेळा पाय दुखतात का म्हणून विचारतात.

५ मार्च

बँकेचं म्हणणं, धंदा जोरात आहे असं सगळेच सांगतात, कामातून उरतं किती ते दाखवा. म्हणून हिशेबनीस बाई आली. तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, आणि वाक्यावाक्याला टक्के. मी तिचं नाव टक्केबाई ठेवलं. मनातल्या मनात. सूनबाई म्हणते, मनातल्या मनात नाही, तोंडावर म्हणालात.

टक्केबाईने मला समजावलं ते असं. गिऱ्हाइकांकडून शंभर आले समजा. त्यातून साबण गेला, वीज गेली, पाणी गेलं, इस्त्रीवाल्याचा आणि गाडीवाल्याचा पगार गेला, यंत्रांची झीज गेली. कर्जाचं व्याज आणि सरकारचा कर यांना अजून हात लावायचा नाही. एवढं झाल्यावर मुठीत राहिलं ती कामाची खरी कमाई. आमच्या मुठीत राहिले पंधरा.

पंधरा चांगले की वाईट, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही म्हणे. धुलाईवाल्यांच्या संघाची दरवर्षी पुस्तिका निघते. त्यात आमच्याएवढ्या सगळ्या धुलाईखान्यांची सरासरी दिलेली असते. ती नऊ. जे सगळ्यात वर, त्यांचे बारा.

"आई, वरच्यांचे बारा! आणि आपले पंधरा!" चिरंजीव ओरडलेच. पन्नाशीचा माणूस, पण वर्गात पहिला आल्यासारखा चेहरा.

मी विचारलं, "मग बाकीच्यांचं सांडतं कुठे?"

"उधळतात गं. गरज नसताना माणसं ठेवतात."

टक्केबाई मात्र आपल्याच आकड्याकडे तिरकं बघत होती. म्हणाली, "आकडा इतका चांगला आला की मला झोप लागत नाही."

मी म्हटलं, "लग्न कर. झोप न लागायला याहून मोठी कारणं मिळतील."

ती हसली, पण कागद परत पिशवीत घालून घेऊन गेली.

मला विचाराल तर मला फार बरं वाटलं. चाळीस वर्षं आपण चांगलं करतोय असं वाटायचं, आज कुणीतरी मोजून सांगितलं.

९ मार्च

रुग्णालयाच्या दोनशे चादरी आल्या, निम्म्या आयोडीनने पिवळ्या. डागांचा ओटा सूनबाईचा. रक्ताला थंड पाणी, मलमाला गरम, आयोडीनला तिची ती बाटली. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही, आणि ती दुसऱ्या कुणाला करूही देत नाही. निदान आम्ही तरी असंच म्हणतो. तिची बोटं त्या औषधांनी चिरली आहेत. मी म्हटलं, "तुझ्या हातांपेक्षा माझी जुनी चप्पल बरी."

"हे लिहू का?"

"लिही की."

लिहिलं. हसली नाही. उन्हाळा लागला की तिचं डोकं चढतं.

१२ मार्च

स्टेशनजवळची ती रिकामी शेड बघून आलो. मोठी आहे, उजेड आहे, पाण्याचा दाबही चांगला. चिरंजीव रिकाम्या जागेत हातवारे करत फिरत होते. इथे धुलाई, इथे वाळवण, इथे घड्यांचं टेबल. तिथल्या तिथे जागेचा विसार देऊन टाकला. मी म्हटलं, "आधी अंगठा तर लागू दे." म्हणाले, "तो कुठे पळून जातोय?"

संध्याकाळी नव्या जागेचा अंदाज मांडला. डाग काढायला एक कुशल बाई, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला आणि बिलं करायला एक, रफूला एक, आणि शेडचं भाडं. बेरीज झाली आणि चेहरा उतरला. नव्या जागेत शंभरातले जेमतेम सहा.

"साबण तोच," मी म्हटलं, "यंत्रं नवी. मग पंधरातले नऊ कुठे गेले?"

"भाडं खातंय. आणि हे पगार." थोडं थांबून सूनबाईला म्हणाले, "असं करू. सुरुवातीला तूच दोन्हीकडे बघ. सकाळी तिकडे, दुपारी इकडे. आणि आई, रफूचं तिकडचं कापडही तुझ्याकडेच पाठवतो."

मी म्हटलं, चालेल. मला काय, सुई तीच.

सूनबाई ताटं उचलत होती. तिने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. आमच्याकडे याला हो धरतात.

१६ मार्च

टक्केबाई न बोलावता आली. चिरंजीव बाहेर होते. माझ्या घड्यांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली आणि नुसती बघत राहिली. मी उशांचे अभ्रे रफू करत होते.

"आजी, रोज किती वेळ बसता?"

"सहाला बसते. कंबर उठ म्हणते तेव्हा उठते."

"तुमचा पगार किती?"

मला इतकं हसू आलं की सुई बोटात गेली. "अगं, मालकाच्या आईला कोण पगार देतं?"

"आणि वहिनींचा?"

"मालकाच्या बायकोला?"

ती हसली नाही. "आणि या इमारतीचं भाडं?"

"स्वतःच्या घराचं भाडं भरतात का कुठे? शिकलीस कुठे तू?"

मग तिने वही काढली आणि सूनबाईच्या ओट्याशी जाऊन तिला एकेक विचारत बसली. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, फोन कोण घेतं, बिलं कोण करतं, गाडीचा मार्ग कोण ठरवतं. सूनबाई एरवी मोजून चार शब्द बोलते, आज अर्धा तास बोलत होती. मला ऐकू आलं नाही.

जाताना टक्केबाई म्हणाली, "आजी, पुस्तिकेतले नऊ आहेत ना, त्यातून रफूवालीचा पगार गेलेला आहे, डाग काढणारीचा गेलेला आहे, भाडं गेलेलं आहे. तुमच्या पंधरातून यातलं काहीच गेलेलं नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायचेच नव्हते. ही माझी चूक, मी आधी विचारायला हवं होतं."

म्हणजे काय, मी फुकट बसते म्हणून माझा लेक हुशार ठरला? मला राग आला. मी तिला चहाही विचारला नाही. आता लिहून घेताना वाटतं, विचारायला हवा होता.

१७ मार्च

घरात कडाक्याचं भांडण झालं. चिरंजीव टक्केबाईला म्हणाले, "घरच्या माणसांना पगार लावायचा? पैसा या खिशातून त्या खिशात. घरातच राहतो ना?"

"घरात राहतो हे खरं," ती म्हणाली. "पण बँक तुम्हाला पंधरावर कर्ज देणार आणि हप्ता तुम्हाला नव्या जागेच्या सहातून भरायचा आहे. तिथे खिसा दुसऱ्याचा आहे. आणि वहिनी उद्या आजारी पडल्या तर इथलेही पंधरा राहणार नाहीत."

"बरं, मग नावाला काहीतरी लावा. हिच्यासाठी मदतनीसाचा पगार लावा. करते काय, डाग तर काढते."

सूनबाई तिथेच उभी होती, गरम पाण्याची बादली हातात घेऊन.

मी तिला म्हटलं, तो म्हणाला तसंच्या तसं लिही, एक शब्द बदलू नकोस. तिने लिहिलं. मी पानावरून बोट फिरवलं, तर पेन इतकं रुतलं होतं की अक्षरं मागच्या पानालाही लागली. मला वाचता येत नाही, पण हे पान मी अंधारातही ओळखीन.

मी चिरंजीवांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? नवरा-बायकोच्या मधे पडू नये, असं मला माझ्या सासूने शिकवलं. तीही माझ्या वेळी गप्पच असायची.

२० मार्च

विशेष काही नाही. सूनबाई सकाळी इस्त्रीचे कपडे घालून डोळे तपासायला गेली. चार तास लागले. चष्मा लागला नाही म्हणाली. मी म्हटलं, "चार तास डॉक्टर काय डोळ्यात डोळे घालून बसला होता?" खाली मान घालून लिहिते आहे.

तेवढ्या चार तासांत दोन गिऱ्हाइकांचे फोन वाजून वाजून बंद पडले आणि टॉवेलांचा एक गठ्ठा चुकीच्या हॉटेलला गेला.

२३ मार्च

डोळे नव्हतेच तपासायचे.

काल टक्केबाई पुन्हा आली होती. चिरंजीव आणि ती टेबलाशी बसून आकड्यावर घासाघीस करत होते. हिच्या कामाला किती लावायचे, इतके की तितके. सूनबाईने हात पुसले, कपाटातून एक पाकीट काढलं आणि दोघांच्या मधे ठेवलं. नदीपलीकडच्या मोठ्या धुलाईखान्याचं नेमणुकीचं पत्र. डाग विभागाची प्रमुख. महिना अठ्ठावीस हजार. एक तारखेपासून.

"तुम्हाला भाव हवा होता ना," ती म्हणाली. "हा आहे. मी मागितलेला नाही, त्यांनी आपणहून लिहिलाय."

चिरंजीव म्हणाले, "ही काय थट्टा आहे?"

"मदतनीसाच्या जागेसाठीच गेले होते. तुम्ही सांगितलंत तेवढंच मला येतं असं वाटलं. त्यांनी एक डागाळलेली चादर दिली. नंतर आणखी तीन दिल्या. मग त्यांच्या मालकीणबाईंनी मला बसायला खुर्ची दिली."

टक्केबाईने हळूच कागद ओढला आणि मांडला. सूनबाईचे शंभरातले पाच. माझ्या रफूचे आणि घड्यांचे, बाजारभावाने, दोन. इमारतीच्या भाड्याचे सहा. पंधरातून तेरा गेले.

राहिले दोन. सरासरी नऊ.

दोन, म्हणजे आपण पुस्तिकेत वर नाही, पार तळाला. टक्केबाई म्हणाली, कारणही दिसतं. आमचे दर सगळ्यांपेक्षा कमी आहेत. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे ते मोठं हॉटेल, ते दर वर्षी पाठ थोपटतं, तुमच्याइतकं स्वस्त कुणी नाही. आम्ही फुगून परत येतो.

हे सगळं सूनबाईनेच लिहिलं आहे, तिच्याच हाताने. मी विचारलं, "खरंच जाणार?"

म्हणाली, "आई, सांगा पुढे. वाळवण संपत आली."

२४ मार्च

हे म्हणायचे, आपला धंदा नशीबवान, इतरांचे बुडतात पण आपला तरतो. मीही मान डोलवायचे. ते नशीब पहाटे चारला उठून बंब पेटवायचं, पोर पाठीला बांधून चादरी पिळायचं, आणि दुपारी सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. आज कळतं आहे, तेव्हा मोजलं असतं तर तेव्हाही दोनच निघाले असते. कदाचित दोनही नाहीत.

ह्यांना माहीत होतं का? विचारायला आता ते नाहीत.

२८ मार्च

बँकेत गेलो. थंडगार खोली. साहेबांनी शाईचा डबा माझ्यापुढे सरकवला. चिरंजीवांनी येताना मला गाडीत सांगितलं होतं, "ती कुठे जात नाही गं, रागावलीय फक्त. बँकेत मी आधीच दिलेल्या कागदावर पंधराच आहेत, ते तसेच आहेत. तू फक्त अंगठा दे."

मी म्हटलं, "साहेब, मला वाचता येत नाही. या कागदावर आमचे शंभरातले किती लिहिलेत?"

"पंधरा, आजी. छान आहेत."

"त्यात माझा पगार धरलाय का?"

साहेबांनी चिरंजीवांकडे बघितलं. चिरंजीवांनी भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, "धरून पुन्हा लिहा. सुनेचाही धरा. मग अंगठा."

साहेबांनी फाईल मिटली. रागावून नाही, अगदी हळू. म्हणाले, सुधारलेला हिशेब घेऊन या, मग बघू. बघू म्हणजे काय, ते मला अक्षर न येताही कळतं.

विसाराचे पैसे बुडाले. घरी आल्यावर जिन्यात चिरंजीव म्हणाले, "तू माझी आई आहेस की बँकेचं माणूस?"

मी बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही. पोराच्या तोंडचा घास काढला असं वाटतं. सूनबाईला वाटलं होतं मी तिच्यासाठी केलं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही गं. घर जाईल म्हणून घाबरले." हे खरं आहे. पूर्ण खरं आहे की नाही, कोण जाणे.

१ एप्रिल

सूनबाई सकाळी आठला डबा घेऊन गेली. आज लिहिणारे चिरंजीव. दुसरं आहे कोण? नात दूर शिकायला. यांचं अक्षर कसं आहे ते तेच जाणोत, पण दोन वाक्यं सांगितली की एक लिहितात. तुझा हात किती वेळा वळतो ते मी मोजते, बाळा. लिही. सगळं लिही.

लिही: आयोडीनच्या तीस चादरी तशाच पिवळ्या निघाल्या. चिरंजीवांनी गरम पाणी वापरलं. डाग पक्का बसला. रुग्णालयाने दारातूनच परत पाठवल्या.

लिही: चिरंजीव गप्प आहेत.

"हे कशाला, आई?"

लिही.

५ एप्रिल

चिरंजीव त्या मोठ्या हॉटेलात दर वाढवून मागायला गेले. आमच्या इतिहासात पहिल्यांदा. हॉटेलवाल्यांनी निम्मी वाढ कबूल केली, आणि निम्मं काम नदीपलीकडे पाठवलं. तिथे त्यांचे डाग कोण काढतं, हे मी मुद्दाम बोलले नाही. बोलले नाही असं लिही.

सूनबाई संध्याकाळी सहाला येते. सहा म्हणजे सहाला. येते, हात धुते, खुर्चीत बसते. पहिल्या दिवशी मला वाटलं आजारी आहे. मग लक्षात आलं, या घरात मी तिला बसलेली फारशी बघितलीच नव्हती. महिनाभरात कंटाळून परत येईल, असं मला वाटतं. चिरंजीवांना तसं वाटत नाही. हे लिहिताना त्यांचा हात थांबला आहे.

९ एप्रिल

काल चिरंजीव स्वतःहून टक्केबाईकडे जाऊन आले. आज दुपारी कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसले. "आई, पत्र कसं लिहितात?"

"मला विचारतोस?"

"तू सांग. मी सांगितलं तर चुकेल."

मग मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. डाग विभागाची प्रमुख. गिऱ्हाईक आणि बिलंही तिच्याकडे. महिना तीस हजार, एक तारखेला, मालकाच्या मर्जीवर नाही. त्यांनी हिशेबाच्या यंत्रावर बोटं चालवली आणि म्हणाले, "इतकं दिलं तर शंभरातले दोनही पुरते उरत नाहीत."

"मग नको देऊस."

सही केली.

सूनबाई सहाला आली. हात धुतले, बसली. चिरंजीवांनी पाकीट पुढे केलं, गिऱ्हाइकाला बिल देतात तसं, जरा वाकून. तिने सावकाश वाचलं. पुन्हा वरून वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, चिरंजीव तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती फक्त कागदाकडे.

"सुट्टी कोणत्या वारी?" तिने विचारलं.

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे इस्त्रीवाल्याला सुट्टी असते, गाडीवाल्याला असते. घरच्या माणसाला कुठली?

"ते... लिहिलेलं नाही."

"मग लिहून आणा," ती म्हणाली आणि पत्र घडी घालून त्यांच्या हातात परत दिलं. "तिकडे रविवार आणि अर्धा शनिवार आहे."

ती आत गेली. नाही म्हणाली नाही. पण आता या घरात कुणी गप्प राहिलं, तर त्याला हो धरायचं नाही, एवढं चिरंजीवांना कळलेलं दिसतं. ते तिथेच बसून पत्राच्या खाली जागा शोधत होते. रविवार लिहिला. अर्धा शनिवार लिहिला. त्यांचा हिशेब यंत्रावर आणखी खाली गेला, तो त्यांनी मला सांगितला नाही, मीही विचारला नाही.

मग पेन तसंच धरून मला म्हणाले, "आई, तुझंही पत्र करायचं आहे. टक्केबाई म्हणाल्या, तुझ्याशिवाय आकडा पूर्ण होत नाही. तुला कोणता वार हवा?"

मी सोमवारपासून सुरुवात केली. सोमवारी हॉटेलांच्या चादरी येतात. मंगळवारी रुग्णालय. बुधवारी रफूचा ढीग. मनातल्या मनात सगळे वार फिरून आले. रविवारी काय करतात, तेही मला माहीत नाही.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

हे पहिल्यांदाच म्हटलं, असं लिही.